जुलाबाची रजा

आमच्या सोसायटीच्या तलावाच्या फाटकावर नियमांचा फलक आहे. काही काळापूर्वीपर्यंत त्यावर अकरा नियम होते. टोपी घातल्याशिवाय पाण्यात उतरू नये. अंगाला तेल लावून उतरू नये. टी-शर्ट, बर्म्युडा चालणार नाही. काठावर पळू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत. पाहुण्यांना वेगळं शुल्क. मौल्यवान वस्तूंची जबाबदारी संस्थेवर नाही. आणि अगदी शेवटी, लाल रंगात, खाली रेघ मारून: एकदा भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.

पोट बिघडलं असेल तर पाण्यात उतरू नये, हे या अकरांत कुठेच नव्हतं. गेल्या दोन-तीन वर्षांत मी जिथे जिथे गेलो तिथले फलक मुद्दाम थांबून वाचले. महापालिकेचे तलाव, क्लब, हॉटेलं, उन्हाळी शिबिरं. ‘संसर्गजन्य आजार व त्वचारोग असणाऱ्यांना प्रवेश नाही’ असं एक वाक्य बऱ्याच ठिकाणी असतं. ते वाचून माणूस हातापायावरच्या खरजेकडे बघतो, पोटाकडे नाही. चारचौघांत ‘जुलाब’ लिहायला आपण लाजतो, आणि त्या लाजेपायी तलावातला सगळ्यात महत्त्वाचा नियम लिहायचा राहून जातो.

पण नुसता नियम लिहून भागणार नाही, असं माझं मत आहे. तसला लाल अक्षरांतला अकरावा नियम जोवर आहे तोवर बारावा कोणी पाळणार नाही. हे मी दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून म्हणत नाही. मी स्वतः तो पाळला नव्हता.

तीन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली गोष्ट. मुलगी सहा वर्षांची. एकवीस दिवसांच्या शिबिरात घातलं होतं, संध्याकाळी पाचची बॅच, पंचेचाळीस मिनिटं. नवव्या दिवशी तिचं पोट बिघडलं. दोन दिवस ओआरएस, ताक-भात, डाळिंबाचे दाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी एकदाच, तेही जरा पातळ. दुपारपर्यंत ती घरभर उड्या मारायला लागली. बायको म्हणाली, “आजचा दिवस राहू दे.” मी म्हणालो, “अगं, साडेचार हजार भरलेत. दोन दिवस असेच गेले. आणि पाण्यात क्लोरीन असतंच की.” पाठवलं.

सहा-सात दिवसांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू झाली. कोणाकडे लूज मोशन्स आहेत का? एकेक करत सात घरं निघाली, सगळी पाचच्या बॅचमधली. चर्चा झाली, आणि संशय फाटकाबाहेरच्या भेळवाल्यावर ठरला. त्याला पंधरा दिवस गाडी लावू दिली नाही. मी ग्रुपवर काहीच बोललो नाही. ते माझ्या मुलीमुळेच झालं हे मला सिद्ध करता येत नाही. झालं नाही, हेही करता येत नाही.

‘पाण्यात क्लोरीन असतंच की’ या वाक्यावर आपला सगळा भरवसा असतो, म्हणून ते जरा उलगडून बघू. क्लोरीन हे खरोखर गुणी औषध आहे. पाण्यात मोकळं क्लोरीन १ पीपीएम असेल, म्हणजे लाख लिटर पाण्यात १०० ग्रॅम, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, ठीक असेल, तर ई. कोलाय हा जंतू मिनिटभरात मरतो. काविळीचा ‘हिपॅटायटिस ए’ विषाणू साधारण पंधरा-सोळा मिनिटं टिकतो. जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी पाऊण तास काढतो, म्हणजे बरोबर एक बॅच. आणि क्रिप्टोस्पोरिडियम, थोडक्यात क्रिप्टो, नावाचा आणखी एक परजीवी आहे, तो त्याच पाण्यात दहा दिवसांहून जास्त जिवंत राहतो. दहा मिनिटं नव्हेत, दहा दिवस. त्याच्याभोवती जाड कवच असतं आणि क्लोरीनला ते भेदता येत नाही.

बरं, क्लोरीनने मरत नाही तर गाळून काढावा म्हटलं, तर त्याचा आकार चार ते सहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चार ते सहा. आपल्याकडच्या तलावांना असतो तो वाळूचा फिल्टर. त्यात गाळ धरणारं रसायन नीट वापरलं नाही, तर इतका बारीक कण वाळूतून सहज पार होतो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तलावात येतो. आजारी मुलाच्या एका पातळ शौचातून असे कोट्यवधी कण बाहेर पडू शकतात. नवं मूल आजारी पडायला दहा किंवा त्याहूनही कमी पुरतात. अमेरिकेत मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यात १९९३ साली हा परजीवी शिरला, तेव्हा चार लाखांवर लोक आजारी पडल्याचा अंदाज निघाला. ते पाणी क्लोरीन घातलेलंच होतं.

अतिनील किरणांचा दिवा बसवला तर क्रिप्टो आटोक्यात येतो. ओझोननेही येतो. पण किती तलावांवर ती यंत्रं आहेत? आमच्याकडे विषय निघाला तेव्हा कोटेशन बघून समितीने फाईल मिटली. म्हणजे आपल्यापुरता उपाय एकच उरतो. आजारी मूल पाण्याबाहेर ठेवणं. जुलाब थांबल्यावरही काही दिवस ठेवणं, कारण मूल बरं दिसायला लागलं तरी ते कण पडत राहतात. क्रिप्टोचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावर दोन आठवडे पोहू नये, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. आपल्याकडे निदान होतं कुठे? साध्या शौच तपासणीत क्रिप्टो सहसा शोधतच नाहीत, त्यासाठी वेगळं रंगद्रव्य वापरून सूक्ष्मदर्शकाखाली काच बघावी लागते आणि डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर मुद्दाम लिहावं लागतं. मेच्या गर्दीत पोट बिघडलेल्या सहा वर्षांच्या मुलासाठी तसं कोण लिहिणार, आणि का लिहावं? चार दिवसांत ते बरं होणारच असतं. म्हणून मी सरसकट चौदा दिवस म्हणतो. आमच्या ओळखीचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, हे जरा जास्तच होतंय, बाकीच्या जुलाबांना अठ्ठेचाळीस तास पुरतात. त्यांचं बरोबर आहे. पण कुठला जुलाब कोणता, हे फाटकावर बसलेला माणूस कसं ओळखणार?

आता एकवीस दिवसांच्या शिबिरातून चौदा दिवस वजा करा. उरतात सात. पैसे परत नाहीत. अशा वेळी कोणते आईबाप मुलाला घरी बसवतील? जे बसवतात त्यांना माझा नमस्कार, पण सार्वजनिक आरोग्य अशा थोड्या माणसांच्या पुण्याईवर चालवता येत नाही. आपण एका हाताने सांगतो की आजारी मूल आणू नका, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या रिकाम्या जागेचे पैसे कापतो.

मुलं तलावाचं पाणी किती पितात, याचाही आपल्याला अंदाज नसतो. तो मोजला गेलाय, आणि मोजायची युक्ती ऐकण्यासारखी आहे. तलावातलं क्लोरीन उन्हात टिकावं म्हणून सायन्युरिक ॲसिड नावाचं द्रव्य वापरतात. ते पोटात गेलं की पचत नाही, जसंच्या तसं लघवीतून बाहेर येतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी पोहून आलेल्यांची चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यात हे द्रव्य किती उतरलं ते पाहिलं, आणि त्यावरून गिळलेल्या पाण्याचा हिशोब मांडला. पाऊण तासात मोठ्या माणसांनी सरासरी १६ मिलीलिटर गिळलं होतं. मुलांनी ३७. चहाच्या चमच्याने मोजलं तर सात चमचे. आपण डोक्यावरून क्लोरीनचा वास जातोय का एवढंच बघत असतो आणि पोर सात चमचे पिऊन घरी येतं.

त्या वासाबद्दलही आपला समज उलटा आहे. ‘कसलं कडक क्लोरीन मारलंय, डोळे लाल झाले’ असं आपण कौतुकाने म्हणतो. स्वच्छ पाण्यातल्या क्लोरीनला जवळजवळ वास नसतो. नाकाला झोंबतात ती क्लोरामाइन्स. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी भिडलं की ती तयार होतात. वास जितका उग्र तितकं क्लोरीन जंतू सोडून आपल्या घाणीशी झटण्यात खर्ची पडलेलं. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाच्या चमूने २०१७ साली तलावांच्या पाण्यात एक कृत्रिम साखर मोजली. थंड पेयांत असते ती, आणि तीही शरीरातून न पचता बाहेर पडते. त्यावरून त्यांनी काढलं की सव्वाआठ लाख लिटरच्या तलावात साधारण ७५ लिटर लघवी होती. पाच बादल्या म्हणा. हे कॅनडातलं, जिथे पोहण्याआधी साबण लावून अंघोळ करायची शिस्त आपल्यापेक्षा बरी असावी. आपल्याकडे ‘शॉवर घेऊन उतरा’ म्हटलं की मुलं शॉवरखालून धावत जातात, केस ओले झाले की झालं. मिनिटभर नीट अंग चोळलं तर बरीचशी घाण तिथेच जाते. पण बॅच पंचेचाळीस मिनिटांची, त्यातलं मिनिटही कोणी सोडायला तयार नसतं.

मी समितीवर गेलो ते अपराधी भावनेतून, हे इथे कबूल करतो. पहिल्या आठवड्यात पहाटे तलावावर गेलो. आमचे तलाव सांभाळणारे दादा पाणी तपासत होते. हातात प्लास्टिकची छोटी पेटी, त्यात दोन नळ्या. एका नळीत पाणी भरून त्यांनी पिवळ्या बाटलीतले पाच थेंब टाकले. पाणी पिवळंधमक झालं. त्यांनी नळी माझ्यासमोर धरली. “बघा काका, पिवळं आहे. ओके.” वहीत लिहिलं: क्लोरीन ओके. आदल्या पानावर तेच, त्याच्या आदल्या पानावर तेच. तीन महिने रोज ‘ओके’, एकही आकडा नाही.

ती पिवळी परीक्षा ओटीओची. स्वस्त मिळते, म्हणून सगळीकडे तीच असते. तिची गोम अशी की ती एकूण क्लोरीन दाखवते. जंतू मारायला तयार असलेलं मोकळं क्लोरीन आणि घामालघवीशी जुंपून निकामी झालेलं क्लोरीन, दोन्ही तिला सारखंच पिवळं दिसतं. म्हणजे पाणी जितकं घाण तितकी नळी छान पिवळी, असंही होऊ शकतं. मोकळं क्लोरीन वेगळं मोजायचं तर डीपीडीची परीक्षा लागते, त्यात पाणी गुलाबी होतं. मी स्वतःच्या खिशातून डीपीडीची पेटी आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला नळी गर्द गुलाबी झाली. संध्याकाळी पाचला, मुलांच्या बॅचच्या तोंडावर, नळीत रंगाचा नुसता भास होता.

यात दादांची काही लबाडी नव्हती. रात्री दहाला तलाव बंद झाला की ते पावडर मारत, कारण त्यांना तेवढंच सांगितलेलं. आमचा तलाव उघडा. मेच्या उन्हात संरक्षक द्रव्य नसलेलं क्लोरीन तासाभरात बरंचसं उडून जातं. सकाळी मोठी माणसं पोहतात तेव्हा पाणी चोख, आणि सगळ्यात जास्त पाणी पिणारी, सगळ्यात कमी धुतलेली गिऱ्हाइकं येतात तेव्हा औषध संपलेलं. बॅचचं वेळापत्रक करणाऱ्यांनी आणि औषधाचं वेळापत्रक करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं असतं, हे कोणाला सुचलंच नव्हतं. मलाही आधी नव्हतं.

पीएचचं गणित तर याहून दुर्लक्षित. पीएच ७.५ असेल तर मोकळ्या क्लोरीनपैकी निम्मं कामाच्या रूपात असतं. तो ८ वर गेला की जेमतेम पाव. पावडर तेवढीच टाकली, बिल तेवढंच आलं, आणि ताकद निम्म्यावर. काही ठिकाणी गोळ्यांवर भर असतो, टीसीसीए या क्लोरीन सोडणाऱ्या रसायनाच्या. त्या विरघळताना क्लोरीनसोबत ते सायन्युरिक ॲसिडही सोडतात. क्लोरीन खर्च होतं, ॲसिड साचत राहतं, आणि साचलं की क्लोरीनला सुस्त करतं. पाणी न बदलता वर्षानुवर्षं गोळ्या टाकलेल्या तलावात क्लोरीनचा आकडा छान दिसतो, काम मात्र रेंगाळतं. आणि हो, गोळ्या संपल्या म्हणून त्याच डब्यात ब्लीचिंग पावडर ओतली तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. ते डबे हाताळणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितलंय का, ते आपापल्या सोसायटीत विचारून बघा. हातमोजे दिलेत का, हेही.

मुळात पाणी कुठलं, हा आणखी एक प्रश्न. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल असा साधा सोसायटीतला तलाव घेतला तरी साठ हजार लिटरच्या वर जातो. दहा हजारांचे सहा टँकर. पुण्याच्या कडेने वाढलेल्या वस्त्यांत प्यायचंच पाणी टँकरचं, तर तलावाला काय वेगळं येणार? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या नसांच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले, काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला, तेव्हा विहिरी, टँकर, आरओचे प्लांट सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. दोन महिने पुण्यात जो तो क्लोरीनबद्दल बोलत होता. मग उन्हाळा आला, शिबिरं भरली, आणि फलक होते तसेच राहिले.

आपलं लक्ष कशाकडे जातं, हे बघण्यासारखं असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात मगरीचं पिल्लू सापडलं. सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं, चॅनलांनी दिवसभर दाखवलं, आणि का नाही दाखवणार? पिल्लू दोन-एक फुटांचं, ते उचलून नेता आलं. चार मायक्रॉनचा परजीवी कोणत्या कॅमेऱ्यात येणार!

अमिबाचंही तेच. २०२४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात केरळात नेग्लेरिया या अमिबाने मुलं दगावली, आणि आपल्याकडच्या ग्रुपांवर ‘मेंदू खाणारा अमिबा’ महिनाभर फिरत होता. आजार भयंकर आहे, शंभरातले सत्त्याण्णव दगावतात. त्या वर्षी कोळिकोड जिल्ह्यातला चौदा वर्षांचा मुलगा वाचला, तो भारतातला असा पहिलाच मानला गेला. पण तो अमिबा पाणी प्यायल्याने होत नाही, नाकातून वर चढतो. त्याला कोमट, साचलेलं, औषध नसलेलं पाणी लागतं, आणि क्लोरीन त्याला मारतं. जुन्या चेकोस्लोव्हाकियात, उस्ती नाद लाबेम या गावी, १९६२ ते १९६५ या काळात एकाच बंदिस्त तलावामुळे सोळा तरुण मुलं गेली. शोध घेतला तेव्हा तलावाच्या तडकलेल्या भिंतीमागच्या पोकळीत, जिथे क्लोरीन पोचत नव्हतं तिथे, तो अमिबा नांदताना सापडला. म्हणजे तिथेही प्रश्न देखभालीचाच होता. दुर्मीळ आजाराच्या भीतीने आपण मुलाला महिनाभर पाण्यात सोडत नाही, आणि नेहमीच्या आजाराला ‘उन्हाळ्यात होतंच’ म्हणून सोडून देतो.

माझे काका या सगळ्यावर हसतात. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून ढकलून दिलं की पोरगं पोहायला शिकायचं. ना टोपी, ना शॉवर, ना पीएच. “आम्हाला काय झालं?” काकांना काही झालं नाही हे खरं. त्यांच्या धाकट्या भावाला विषमज्वर झाला होता, त्यात तो गेला, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती गोष्ट वेगळी सांगितली जाते, विहिरीची गोष्ट वेगळी. शिवाय त्या विहिरीत भावकीतली दहा-बारा पोरं. आमच्या तलावात मेमध्ये दिवसाला दोनशे माणसं उतरतात, आणि पाणी तेच फिरून फिरून येतं.

दुसरा युक्तिवाद प्रतिकारशक्तीचा. थोडे जंतू पोटात गेले की मूल घट्ट होतं म्हणतात. १९९८ च्या जूनमध्ये अमेरिकेत अटलांटाजवळच्या एका वॉटर पार्कमध्ये लहानग्यांच्या उथळ तलावात क्लोरीन कमी पडलं होतं. एका मुलाच्या जुलाबातून ई. कोलायचा घातक प्रकार पाण्यात गेला. २६ मुलं आजारी पडली, सात जणांच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला, एक दगावलं. जो जंतू क्लोरीन असतं तर मिनिटभरात मेला असता, त्याने हे केलं. यातलं कुठलं मूल घट्ट झालं?

याचा अर्थ मुलांना पाण्यात सोडू नये असा कोणी काढू नये. दर सुट्टीत कोकणच्या किनाऱ्यांवर, धरणांच्या कडेला, दगडखाणींच्या डबक्यांत आपली मुलं बुडतात. पोहता येणं ही आपल्याकडे जीव वाचवणारी विद्या आहे, आणि ती शिकायची जागा तलावच. गढूळ तलाव तर ती विद्या शिकवतानाही जीव घेऊ शकतो. अमेरिकेत फॉल रिव्हर इथे २०११ साली सार्वजनिक तलावात एक बाई बुडाली, आणि पाणी इतकं गढूळ होतं की तिचा देह दोन दिवस तळाशी पडून राहिला. वर लोक पोहत होते. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर मुलाला उतरू देऊ नका. यासाठी कुठलीच पेटी लागत नाही.

शासनाने काय करावं, यावर फार लिहीत नाही. भारतीय मानक ब्युरोचं आयएस ३३२८ हे पोहण्याच्या तलावातल्या पाण्यासाठीचं मानक आहे. ते मी आजवर एकाही तलावावर लावलेलं पाहिलेलं नाही. अमेरिकेत २०१४ साली रोगनियंत्रण संस्थेने तलावांसाठी नमुना संहिता काढली, आणि तिथे अनेक ठिकाणी तलावांच्या तपासणीचे निकाल लोकांना वाचता येतात. आपल्या महापालिकांना हॉटेलच्या मुदपाकखान्याइतकंच लक्ष तलावाकडेही देता येईल. देतील तेव्हा देतील. तोवर मला दोनच गोष्टी हव्यात, आणि त्या दोन्ही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून मिळतात.

एक म्हणजे फळा. ‘ओके’ची वही कपाटात नको. फाटकावर खडूने, प्रत्येक बॅचच्या आधी: वेळ, मोकळं क्लोरीन, पीएच, मोजणाऱ्याचं नाव. १ च्या खाली क्लोरीन असेल तर बॅच उशिरा. आमच्याकडे हे सुरू केलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाचची बॅच दोनदा अर्धा तास उशिरा सुटली. टोप्या घालून रांगेत उभी राहिलेली पोरं आणि घड्याळ बघणारे आजोबा. शिव्या बसल्या. तिसऱ्या आठवड्यापासून दादा दुपारी साडेतीनलाच एक मात्रा टाकून, पंप चालवून, पुन्हा मोजायला लागले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रोज शंभर आयांसमोर स्वतःच्या हाताने ०.४ लिहायचा त्यांना कंटाळा आला असावा.

पाण्यात कोणी घाण केली तर काय करायचं, तेही त्याच फळ्याच्या मागे लिहिलं. पूर्वी जाळीने काढून बॅच चालूच राहायची, मुलांना ‘त्या कोपऱ्यात जाऊ नका’ एवढं सांगून. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता घट्ट असेल तर सगळे बाहेर, क्लोरीन २ वर नेऊन अर्धा तास. पातळ असेल तर त्या दिवशीच नव्हे, दुसऱ्या दिवशीही तलाव बंद, कारण क्रिप्टो मारायचा तर क्लोरीन २० पीपीएमवर पावणेतेरा तास धरून ठेवावं लागतं, आणि तेही पाण्यात सायन्युरिक ॲसिड नसेल तर. पोहण्याच्या डायपरवर कोणी विसंबू नये, जुलाबातले जंतू त्यात अडत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे तो अकरावा नियम. सभेत मी मांडलं की जुलाबासाठी चौदा दिवसांची रजा द्यावी, तेवढे पैसे परत किंवा पुढच्या शिबिरात वळते. डॉक्टरांची चिठ्ठी मागायची नाही. ग्रुपवर जाहीर करायचं नाही. दादांना नुसता निरोप द्यायचा. दीड तास वाद झाला. खजिनदार म्हणाले, मग उद्या प्रत्येक जण सहलीला जाईल आणि जुलाबाचं नाव सांगेल. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मी हिशोब मांडला. एका मुलाचे चौदा दिवसांचे तीन हजार. तलाव दोन दिवस बंद ठेवून जास्तीचं औषध मारायचं किंवा पाणी उपसून सहा टँकर पुन्हा भरायचे, तर त्याचे किती? आणि सात घरांतल्या औषधपाण्याचे, बुडालेल्या रजांचे? शेवटचा आकडा मांडताना माझा आवाज जरा बसला, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ठराव बारा विरुद्ध नऊ मतांनी झाला. भेळवाला त्या वर्षी परत आला नव्हता.

लाल अक्षरांतली ओळ पुसून त्या जागी नवा नियम रंगवला, ‘जुलाब’ हा शब्द न लाजता घालून. पहिल्या उन्हाळ्यात सहा घरांनी रजा घेतली. पाच खरी होती. सहाव्या घरच्यांनी त्याच आठवड्यात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरचे फोटो टाकले, मुलगा हातात कणीस घेऊन हसत होता. खजिनदारांनी तो फोटो मला पाठवला, सोबत नुसतं प्रश्नचिन्ह. आम्ही त्यांचे पैसे परत दिले.